कोल्हापूर ते शिरोडा-तेरेखोल, आई-बाबांसोबत दोन रात्री: मुक्काम कुठे करावा?

रंकाळा_काठ: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. आम्ही दोघं, मुलं (९ आणि ५ वर्षांची) आणि आई-बाबा, सगळे एका एर्टिगात. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, वाळूत फार चालवत नाही. पण तेरेखोलचा किल्ला त्यांना बघायचाच आहे. कॉलेजात असताना मित्रांबरोबर रेडीपर्यंत गेले होते, पुढचं राहून गेलं, हे मी लहानपणापासून ऐकतोय. मुक्काम शिरोड्याला करावा की सरळ गोव्यात हरमलला? किल्ल्यासाठी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते का? आणि शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रात्रीच आंबोली घाट उतरलो तर चालेल का?

घाटवाट: रात्री नको. आजरा ते आंबोली पट्ट्यात अंधार पडला की गवे रस्त्यावर येतात. वळणावर मध्येच उभा असलेला गवा हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, काळा रंग रस्त्यात मिसळून जातो. मी एकदा असा ब्रेक मारलाय की मागे झोपलेली आई सीटवरून खाली आली. शनिवारी पहाटे निघा. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. थांबत गेलात तरी जेवायच्या आत शिरोडा.

सुरूबन: माझं आजोळ शिरोड्याचं, अजून वर्षातून तीनदा तरी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेरीबोट लागत नाही. तेरेखोल गाव गोव्याचं, पण खाडीच्या अलीकडे, आपल्या बाजूला आहे. १७४६ साली पोर्तुगीजांनी किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि तेव्हापासून एवढा तुकडा गोव्याकडेच राहिला. शिरोड्याहून रेडीमार्गे गाडी थेट किल्ल्यापर्यंत जाते, अर्धा तास धरा. बाबांना फारसं चालावं लागणार नाही. आत सेंट अँथनीचं चर्च आहे आणि तटावरून खाली खाडीचं मुख, पलीकडे केरीची वाळू. त्यांना तिथे निवांत बसू द्या, घाई करू नका. इतकी वर्षं वाट पाहिली आहे त्यांनी.

मुक्काम शिरोड्यालाच करा. हरमलला डिसेंबरात गर्दी आणि संगीत उशिरापर्यंत चालतं, आईंना झोप लागायची नाही. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी सावलीत लागते आणि बाबा खुर्ची टाकून तिथूनच समुद्र बघू शकतील. वाटेत रेडीचा द्विभुज गणपती आहे. १९७६ मध्ये लोहखनिजाच्या खाणीत ही मूर्ती सापडली.

आणि मुलांना मिठागरं दाखवा. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, हे त्यांना तिथे बांधावर उभं करून सांगा. डिसेंबरात मिठाचे ढीग मात्र दिसणार नाहीत. तेव्हा पावसाने ढासळलेले बांध लिंपायचं आणि वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायचं काम चालतं. त्या ओल्या मातीवर टाचांचे ठसे एकाला एक लागून उमटलेले असतात. मला मिठापेक्षा तेच बघायला आवडतं.

रंकाळा_काठ: फेरीचं कळलं, फार मोठी काळजी मिटली. मुलांना वेळागरला पाण्यात सोडलं तर चालेल?

सुरूबन: घोट्यापर्यंत, आणि हात धरून. किनारा सपाट दिसतो म्हणून लोक फसतात. ओहोटीला पाणी आत ओढतं, पायाखालची वाळू सरकते आणि मोठ्या माणसाचाही तोल जातो. माझी आजी म्हणायची, ‘दर्याक पाठ दाखवू नको.’ फोटोसाठीसुद्धा पाठ करून उभं राहू देऊ नका. पोहोचलात की आधी गावातल्या मच्छीमाराला भरती-ओहोटीची वेळ विचारा, त्यांच्या तोंडावर असते.

बांदेकर_६६: एक राहिलं. तेरेखोलहून परतताना गाडीत गोव्याची दारू ठेवू नका. परमिटशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बाटली एक असो की दहा. पेट्रोल मात्र खुशाल भरा, गोव्यात स्वस्त पडतं.

रंकाळा_काठ: दारूचा प्रश्नच नाही. शनिवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं. बाबांना ‘गाडी किल्ल्यापर्यंत जाते’ एवढंच सांगितलं, तर त्यांनी लगेच कपाटातून जुनी दुर्बीण काढून काचा पुसायला घेतल्या.