रेनेसाँ फेअरचं तिकीट एवढं वाढलंय, सात जणांना घेऊन जाणं परवडते का?

मनीषनगरवाला

मंडळी, एक सल्ला पाहिजे. ताई मेरिलँडमध्ये असते, सप्टेंबरात आम्ही सगळे तिच्याकडे चाललोय, आई-बाबा, मी, बायको आणि पोरगी. ताईचं आतापासूनच सुरू आहे की एक दिवस रेनेसाँ फेस्टिव्हलला जायचंच. ॲनापोलिसजवळ क्राउन्सव्हिल म्हणून आहे, तिथे झाडीत जुन्या इंग्लंडमधलं अख्खं गाव बांधून ठेवलंय, आठव्या हेन्रीच्या काळातलं, राजा फिरतो, राणी फिरते, चिलखत घातलेले लोक घोड्यावरून भाले घेऊन एकमेकांवर धावून जातात, आणि पब्लिकपण तसेच कपडे घालून येते. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, वीकेंडलाच. व्हिडिओ पाहून पोरगी तर आत्ताच राजकन्या होऊन बसली आहे, दुपट्ट्याचा झगा करून घरभर फिरते.

प्रॉब्लेम तिकिटाचा. ताई म्हणते ती तिकडे गेली तेव्हा इतकं नव्हतं, दरवर्षी थोडं थोडं चढत गेलं, आणि आता तारीख ठरवून आधीच काढावं लागतं, त्या दिवशीची संपली की संपली. भाऊजी धरून आम्ही सात जण. रुपयात हिशोब केला तर नुसता गेटच्या आत पाय ठेवायचे पाच आकडी पैसे होऊन राहिले, खाणंपिणं, खेळ सगळं वेगळं. तुम्ही म्हणाल ताई काढते ना, तू काऊन टेन्शन घेतो, तर बाबांचं म्हणणं असं की जावयाच्या पैशाने जत्रा पाहायची नाही, आपलं आपण काढायचं. रिटायर माणूस आहे, फोरेक्स कार्डातला एकेक डॉलर वहीत लिहिणार. मग रात्री ती वही मला दाखवणार.

कोणी गेलंय का? एवढे पैसे कशाचे घेतात? आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे काही मजा येते का की नुसती पायपीट?

तर्रीवाला

अबे जत्रेत शिरायचे पाच आकडी पैसे?? आपल्या इथे मारबत पाह्यले किती देतो तू? पिवळी मारबत १८८५ पासून निघून राहिली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं नागपूर इतवारी-महालात उतरते, बडगे काय, घोषणा काय, कोणाले तिकीट नाही. आन किल्लाच पाह्याचा असन तं सीताबर्डीचा पाह्य ना, खरा आहे, १८१७ ची लढाई झालेला, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टले उघडते पब्लिकसाठी. तिकडं जाऊन लाकडाचा खोटा किल्ला पाह्याचा आन त्याचे पैसे बापाच्या पेन्शनमधून. काही खरं नाही बे.

बर्डी_ते_बाल्टिमोर

मी मूळची सीताबर्डीची, इकडे येऊन बरीच वर्षं झाली आणि हा फेस्टिव्हल आमचा जवळजवळ दर सीझनला होतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांच्या वहीचं बघू. २०१९ ला डॉलर सत्तरच्या आसपास होता, आता नव्वदीच्या पार गेलाय. म्हणजे तिकीट डॉलरमध्ये एक सेंटही वाढलं नसतं तरी नागपूरहून येणाऱ्याला ते पाव हिश्शाहून जास्त महाग पडलं असतं. तो भाग फेस्टिव्हलवाल्यांच्या डोक्यावर टाकू नका. पण डॉलरमध्येही वाढलंय हे खरं आहे, ताई बरोबर सांगते. २०२२ च्या जूनमध्ये इथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, तेव्हापासून सगळ्यांनीच भाव चढवले आणि नंतर महागाई कमी झाली तरी चढलेले भाव कोणी उतरवले नाहीत. त्यात मेरिलँडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून किमान मजुरी तासाला १५ डॉलर झाली. अशा जत्रेत गेटवर, पार्किंगच्या मैदानात, स्वयंपाकघरात माणसंच माणसं लागतात, आणि काम दोन महिन्यांचं, वीकेंडचं. तारखेच्या तिकिटाचं कारण वेगळं आहे. तिथे पोचायच्या रस्त्यावर ऑक्टोबरातल्या शनिवारी अशी लाइन लागायची की लोक दोन-दोन तास गाडीत बसून शेवटी परत जायचे. म्हणून रोजचा आकडा बांधून टाकला. आता माणसं मोजकीच घ्यायची म्हटल्यावर भाव वर जाणारच.

आता तिकिटात मिळतं काय. सकाळी १० ते संध्याकाळी ७, आणि सगळ्या स्टेजवरचे सगळे शो त्यातच. घोडेस्वारांची भाल्यांची झुंज पण त्यातच, आणि ती बघाच. जाउस्टिंग हा मेरिलँडचा अधिकृत राज्यखेळ आहे, १९६२ पासून, त्यामुळे इथे त्याला वेगळीच इज्जत आहे. घोडा पळत येतो तेव्हा बाकाखालची जमीन हलते हे व्हिडिओत कळत नाही. तलवार गिळणारे, दोरीवर चालणारे, गाणारे, भांडणारे, नुसते चिखलात लोळून भीक मागण्याचं सोंग करणारे, दिवस पुरत नाही. तिकिटात नाही ते म्हणजे खाणं, बिअर, धनुष्यबाण आणि कुऱ्हाड फेकण्यासारखे खेळ, पोरांचे हाताने ढकलायचे झोपाळे, आणि भाड्याचे कपडे. खिसा खरा तिथे कापला जातो.

पण मला जे सांगायचंय ते दुसरंच आहे. गेटचे पैसे वेगळे आणि स्टेजवरच्या माणसाचे पैसे वेगळे. या सर्किटवरच्या बऱ्याच कलाकारांचं पोट शो संपल्यावर टोपी फिरवून जे जमतं त्यावर असतं, आयोजकांकडून मिळतं ते थोडं. ही मंडळी वर्षभर एका राज्यातल्या फेअरमधून दुसऱ्या राज्यातल्या फेअरला गाडी घेऊन फिरतात, कित्येक जण तर गाडीतच राहतात. गेट महागलं की होतं काय, लोकांना वाटतं आपण दिले ना एकदा, आता परत कशाला. मागच्या सीझनला सुऱ्या झेलणाऱ्या एका माणसाचा शो पाहत होतो, पहिल्या रांगेत चांगली सात-आठ जणांची फॅमिली, पोरं टाळ्या वाजवून वाजवून लाल झालेली. शेवटची सुरी पकडून त्याने डोक्यावरची टोपी काढली मात्र, बापाने पोरांना दंडाला धरून उठवलं आणि सगळे झपाझप बाहेर. तो माणूस हसतच होता, सवयीने. त्याच्या टोपीत मी वाकून पाहिलं तर सगळ्या एकेक डॉलरच्या नोटा आणि कोणीतरी टाकलेलं च्युइंगमचं पाकीट. तिकीट वाढल्याचा राग लोक गेटवर काढत नाहीत, टोपीवर काढतात.

गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवातच वर्गणीसाठी झाली होती. १९६३ ला लॉस एंजेलिसकडे फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने, रॉनने, पहिला फेअर भरवला तो केपीएफके नावाच्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ स्टेशनला पैसे उभे करायला. ती आधी घराच्या अंगणात पोरांकडून जुनी इटालियन नाटकं बसवून घ्यायची, त्यातून हे सुचलं. मेरिलँडचा १९७७ चा. आता सगळीकडे धंदा आहे, धंद्याला नावं ठेवत नाही मी, पण तिकिटाच्या वाढीतला किती वाटा त्या सुरीवाल्याकडे जातो हे विचारायला पाहिजे, ते कोणी विचारत नाही.

तुम्हाला सल्ला: शनिवार सोडा, रविवार घ्या, आणि सप्टेंबरातला जितका आधीचा मिळेल तितका बरा, ऑक्टोबरात थंडी पडली की अख्खं राज्य तिथे असतं. ज्येष्ठांचं आणि लहान मुलांचं तिकीट वेगळं आणि कमी असतं, बाबांना आधीच सांगून टाका, खुश होतील. गेट उघडायच्या आधी पोचा. आणि एक-एक, पाच-पाच डॉलरच्या नोटा सुट्या करून न्या.

स्टॉल_नंबर_तेरा

ताईंचं पटलं. मी इकडची बाजू सांगते. आमचा हातमागाच्या साड्या-चादरींचा स्टॉल असतो, नागपुरात कस्तुरचंद पार्क म्हणा, रेशीमबाग म्हणा, जिथे प्रदर्शन तिथे आम्ही. गेटचं तिकीट वाढलं की आमच्या पोटात गोळा येतो. कारण माणूस घरून ठरवून निघतो की आज एवढे खर्च करायचे, त्यातले जास्त गेटवर गेले की आमच्यासमोर उभा राहून चादर उलटी-सुलटी करतो, बायको म्हणते घ्या, हा म्हणतो नंतर, आणि तो नंतर कधी येतच नाही. एका प्रदर्शनात मधल्या शनिवारपासून तिकीट डबल केलं, गर्दी फारशी कमी झाली नाही बरं का, आयोजक खुश, पण आमचा गल्ला बसला. वर आम्ही भाडं आधीच भरलेलं, त्यावर १८ टक्के जीएसटी, लाइटच्या पॉइंटचे वेगळे, पंखा पाहिजे तर त्याचे वेगळे. गेटच्या पैशातला एक रुपया आमच्याकडे येत नाही.

पण फुकटही नको, हे पण सांगते. फुकट एंट्री असली की संध्याकाळी नुसते फिरायला येणारे पोट्टे, सेल्फी, कणीस खाल्लेले हात साडीला. सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्याला असतं तसं किरकोळ तिकीट सगळ्यात बेस्ट, येणारा माणूस बघायच्या तयारीने येतो आणि खिशात घ्यायलाही काही उरतं.

बाल्टिमोरवाल्या ताई, तिकडे स्टॉलवाल्यांना भाडं असतं का हो?

बर्डी_ते_बाल्टिमोर

असतं ना ताई. आणि कित्येक फेअरमध्ये तर जमीन फेस्टिव्हलची आणि वरची लाकडी दुकानं स्टॉलवाल्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली किंवा आधीच्या माणसाकडून विकत घेतलेली. म्हणजे उद्या फेस्टिव्हलचं आणि तुमचं फाटलं तर दुकान काही उचलून नेता येत नाही. त्यामुळे तिथला मातीचा मग बाहेरच्यापेक्षा महाग का, याचं उत्तर त्या छपरात आहे. चामड्याचं काम, काच फुंकणारे, लोहार, खरे कारागीर असतात, समोर बसून करतात. तुम्हाला तर तिथून हलवावं लागेल.

तर्रीवाला

म्हणजे शेवटी गेटवाला कमावते आन बाकीचे टोपी घेऊन बसते. मी काय म्हणलो मंग? मारबत बेस्ट.

स्टॉल_नंबर_तेरा

तर्रीवाले दादा, मारबतीचे पैसे कोणी देतच नाही असं वाटतं का तुम्हाला? मंडळाची पोरं वर्गणीची पावती घेऊन येतात तेव्हा तुम्ही दार लावून घेता का? बांबू, कागद, रंग, बँड, सगळ्याचे पैसे लागतात, फक्त ते गल्लीतल्यांनी आधी भरलेले असतात म्हणून तुम्हाला रस्त्यावर उभं राहून फुकटात दिसतं.

तर्रीवाला

देतो ना वर्गणी, काऊन नाही देत. पण मनाने देतो, रांगेत उभं करून बारकोड दाखवून नाही देत. फरक आहे ताई. आन तो टोपीवाला माणूस मले आवडला, त्याले मी देईन. गेटवाल्याले देताना हात अडखळते.

मनीषनगरवाला

सगळ्यांना थँक्यू, बाल्टिमोरवाल्या ताई तुम्ही तर डोळे उघडले. बाबांना रुपया-डॉलरचं वाचून दाखवलं तर म्हणाले बरोबर आहे, आणि ज्येष्ठांचं तिकीट कमी आहे म्हटल्यावर चेहरा एकदम बदलला, आता तेच ताईला फोन करून रविवारचं काढ म्हणून मागे लागलेत. टोपीत टाकायला वेगळं पाकीट करतो म्हणाले, वहीत त्याचा कॉलम पण आखून झाला.

आता दोन शंका. आई विचारते दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेऊ देतात का, कारण ती अंडंही खात नाही. आणि कपडे भाड्याने नाही घेतले तर ओशाळल्यासारखं होतं का?

बर्डी_ते_बाल्टिमोर

बाहेरचं खाणं अशा फेअरमध्ये बहुतेक आत नेऊ देत नाहीत, दशम्या गाडीत ठेवा आणि निघताना पार्किंगमध्ये बसून खा, तिथे अर्धे लोक तेच करत असतात. आत टर्कीच्या भल्यामोठ्या तंगड्या आणि काडीला खोचलेलं स्टेक हीच चैन, पण बटाट्याचं तळलेलं, चीज, प्रेट्झेल असलं मिळून जातं, काकूंचं भागेल. गोड पेय घेऊन उघड्यावर बसू नका, मधमाश्या ग्लासात येतात. बूट जुने घाला, धूळ असते आणि आदल्या दिवशी पाऊस पडला तर चिखल.

कपडे भाड्याने अजिबात घेऊ नका, साध्या कपड्यातले लोक भरपूर असतात. आणि घालायचंच असेल तर घरचंच काढा की. आठवा हेन्री गादीवर बसला १५०९ ला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे विजयनगरला कृष्णदेवराय गादीवर बसला. काकांनी फेटा, काकूंनी नऊवारी घातली की झाले विजयनगरचे पाहुणे, काळ अगदी बरोबर जुळतो. तिथला राजा फिरता फिरता अशा लोकांना मुद्दाम थांबवून बोलतो, पोरगी हरखून जाईल.

तर्रीवाला

काकाले फेटा बांधायले माझा मामा आहे महालात, सांगजो. आन ते टर्कीच्या तंगडीचा फोटो टाक बे आल्यावर, सावजीवाल्याले दाखवतो.