भाडं कुठल्या महिन्याचं आणि कधी द्यायचं? लिव्ह अँड लायसन्समधल्या तारखेच्या वादांवर अनुभव धागा

‘भाडं पाच तारखेपर्यंत’ हे ठरवताना दोघांनाही सगळं कळल्यासारखं वाटतं. घोळ नंतर बाहेर येतो. पाच तारीख धरून की सोडून? चालू महिन्याचं की सरलेल्या? पैसे पाठवले तो दिवस मोजायचा की खात्यात पडले तो? करार सतरा तारखेला सुरू झाला असेल तर ‘महिना’ म्हणजे कुठला?

धागा महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सपुरता, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणाऱ्या करारांपुरता ठेवू. करार नोंदवणारे, वकील, हिशेब बघणारे, मालक, भाडेकरू अशा सगळ्यांनी लिहा. कोण कोणाशी कसं वागलं ते बाजूला ठेवा. चूक कुठे होते, आकडा कसा काढायचा आणि करारात काय लिहिलं की प्रश्न मिटतो, एवढंच हवंय.

करार नोंदणीचं काम

बऱ्याच करारांत ‘संबंधित महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत’ अशा अर्थाचं वाक्य असतं. करार १ तारखेला सुरू झाला तर काही बिघडत नाही. १७ जुलैला सुरू झाला की त्याच वाक्याचे दोन अर्थ निघतात. मालक म्हणतो ५ ऑगस्ट. भाडेकरू म्हणतो, माझा महिना १७ ते १६, म्हणजे २१ तारखेपर्यंत. दोघंही करारावर बोट ठेवून बोलत असतात.

मधूनच सुरू होणाऱ्या करारात इंग्रजी महिन्यावर यायचं ठरवलंत तर पहिल्या आणि शेवटच्या अर्धवट महिन्याची रक्कम रुपयांत लिहून टाका. ‘त्या प्रमाणात’ एवढं लिहून भागत नाही. भाडं १८,६०० धरा. १७ ते ३१ जुलै म्हणजे १५ दिवस, कारण १७ तारीखही मोजायची. जुलैचे दिवस ३१, म्हणून रोजचे ६०० आणि एकूण ९,०००. सवयीने ३० ने भागलं तर रोजचे ६२०, एकूण ९,३००. पहिल्याच महिन्यात तीनशेचा फरक पडला. आणि कोणी १६ दिवस मोजले तर तिसराच आकडा येतो.

शेवटाकडेही बघा. अकरा महिन्यांचा हा करार १६ जूनला संपतो. १ ते १६ जूनचे १६ दिवस, जून ३० दिवसांचा, म्हणून ६२० गुणिले १६ म्हणजे ९,९२०. मधले ऑगस्ट ते मे हे दहा महिने पूर्ण. एकूण बेरीज २,०४,९२०. करारातल्या ११ महिन्यांचे होतात २,०४,६००. वरचे ३२० रुपये कोणी लबाडीने लावलेले नसतात, जुलै आणि जूनचे दिवस वेगळे असल्याने ते आपोआप येतात. डिपॉझिट परत करायच्या दिवशी या ३२० रुपयांवर तासभर घासाघीस चालते. म्हणून शेवटची रक्कम ‘जुळवून’ ९,६०० लिहायची, म्हणजे बेरीज कराराशी पटते.

भाडेकरूंच्या बाजूने

वर सांगितलेली तोडजोड करायचीच कशाला? महिना १७ ते १६ असाच ठेवा आणि देय तारीख १७ ते २१ लिहा. भागाकार नको, शेवटचा हिशेब नको, अकरा हप्ते म्हणजे अकरा हप्ते. मालकाला पाच तारीख सोयीची असते, कारण त्याचे बाकीचे भाडेकरू आणि कर्जाचा हप्ता तेव्हाचे असतात. ही त्याची सोय झाली, नियम नव्हे. भाडेकरूचा पगार महिनाअखेरीला होत असेल तर मात्र १७ ला पैसे उरलेले असतील का, हे सही करण्याआधी ज्याने त्याने बघावं.

करार नोंदणीचं काम

बरोबर आहे, गणित तसंच स्वच्छ राहतं. फक्त पावत्यांवर ‘१७ जुलै ते १६ ऑगस्ट’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘जुलै भाडं’ लिहिलं की तीन महिन्यांनी कोणालाच उमगत नाही.

एक राहिलं: भाडेवाढ. ३६ महिन्यांच्या करारात ‘दर १२ महिन्यांनी ५ टक्के’ असतं आणि भरणा इंग्रजी महिन्याने चालू असतो. मग दुसऱ्या वर्षीच्या जुलैत १६ दिवस जुना दर आणि १५ दिवस नवा. दोघंही हे विसरतात आणि मालक सरसकट जुलैपासून वाढ मागतो. ‘वाढीव रक्कम १ ऑगस्टपासून’ असं तारखेनिशी लिहा. पंधरा दिवसांची वाढ मालकाने सोडली तरी तो भाडेकरू टिकवतोय, स्वस्तातच सुटला.

वकिली काम

काही गोष्टी एकदा नीट सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते ग्राह्य, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘तोंडी पाच तारीख ठरली होती’ असं मालक म्हणाला आणि ‘दहा ठरली होती’ असं राहणारा म्हणाला, तर सुरुवात दहापासून होते. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तारखेचा वाद असलेल्या मालकाने आधी आपला करार नोंदवलाय का ते बघावं.

दुसरं, कोणत्या महिन्याचे पैसे. भारतीय करार कायदा १८७२, कलमं ५९ ते ६१. देणाऱ्याने ‘हे अमुक देण्याचे’ असं सांगून पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर ते तिथेच लावावे लागतात. देणारा काही बोलला नाही आणि परिस्थितीवरूनही काही कळत नसेल, तर घेणारा हवं त्या देण्यात वळते करू शकतो. दोघंही गप्प राहिले तर सगळ्यात जुन्या देण्यापासून. यूपीआयच्या शेऱ्यात ‘सप्टेंबर भाडे’ हे दोन शब्द टाकायला आळस करू नये तो यासाठी.

तिसरं, उशिराचा दंड. ‘सहा तारखेपासून रोज ५००’ लिहिलं म्हणून तेवढे मिळतीलच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. अठरा हजारांच्या भाड्यावर महिन्याला पंधरा हजार दंड कुठे टिकणार?

आणि लिव्ह अँड लायसन्सवाला बोलीभाषेत भाडेकरू असला तरी कायद्याने तो परवानाधारक. थकबाकीची मागणी केल्यावर नव्वद दिवस थांबायची जी तरतूद लोक ऐकून असतात, ती भाडेकरूंसाठी, म्हणजे पागडीच्या वगैरे जागांना. इथे ती सांगून उपयोग नाही. थकलेल्या भाड्याचा दावा करायला मुदत तीन वर्षं, भाडं देय झाल्या दिवसापासून. ‘देय कधी झालं’ हे इथेही आडवं येतं.

तीन-चार जागा भाड्याने देणाऱ्यांसाठी

वहीत दोन रकाने ठेवा: ‘मिळाले कधी’ आणि ‘कुठल्या महिन्याचे’. बहुतेक जण बँकेच्या पासबुकावर भागवतात आणि पासबुकात पहिलाच रकाना असतो. त्यातून होणारी ठरावीक चूक अशी. नोंदी आहेत ४ जुलै, ६ ऑगस्ट, ३० ऑगस्ट, ५ ऑक्टोबर. पगार लवकर झाला म्हणून सप्टेंबरचं आगाऊ भाडं ३० ऑगस्टलाच आलं. वर्षाच्या शेवटी मालक बघतो तर ऑगस्टमध्ये दोन आणि सप्टेंबर कोरा. तो म्हणतो सप्टेंबर बुडवला, राहणारा म्हणतो ऑगस्टचं दुप्पट घेतलं, आणि पैसे तर बरोब्बर आलेले असतात. आधी नोंदी मोजा, मग बोला. महिने किती आणि भरणे किती, एवढंच.

आगाऊ की मागून, हेही पहिल्या दिवशी कागदावर यायला हवं. किल्ली घेताना पहिल्या महिन्याचे पैसे दिले असतील तर पद्धत आगाऊची. फक्त डिपॉझिट देऊन राहायला आले आणि पहिलं भाडं महिना भरल्यावर दिलं तर मागून. दुसऱ्या पद्धतीत सोडून जाताना एक महिना कायम देणं असतो. राहणाऱ्याला वाटतं सगळं फिटलं, कारण त्याने एकही महिना चुकवलेला नसतो.

देय तारीख ५ वरून १० केली तर पाच दिवसांचं भाडं कमी-जास्त होत नाही. महिना तोच, फक्त द्यायचा दिवस पुढे सरकतो. हे सांगूनही पटत नाही लोकांना! बदल दोघांच्या मेलवर घ्या: ‘नोव्हेंबरपासून भाडे त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, इतर अटी तशाच.’

सोसायटीचे हिशेब

मेंटेनन्सची आणि विजेची शेवटची तारीख वेगळी, भाड्याची वेगळी. मालकाने मेंटेनन्स थकवला म्हणून परस्पर भाडं अडवू नका आणि दोन्ही एका रकमेत पाठवू नका.

बँकेतलं काम बघणारे

‘पाठवले’ आणि ‘जमा झाले’ यात हल्ली फार अंतर नसतं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांत. ‘पाचला रविवार होता’ ही सबब त्याच दिवशी संपली. नाच हप्ते, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्तेसुद्धा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीला जातात.

खरी अडचण पहिल्या महिन्यात येते. नवीन लाभार्थी जोडला की बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास, साधारण दिवसभर, मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. पाच तारखेला रात्री खातं जोडलं तर भाडं सहाला जाणार. किल्ली घेतली त्याच दिवशी एक रुपया पाठवून नाव जुळतंय का ते बघून ठेवा.

यूपीआयने पैसे कापले गेले पण समोर पडले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत, नंतर रोजचे शंभर रुपये भरपाई. अशा वेळी घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. मालकाला स्क्रीनशॉटपेक्षा बारा आकडी व्यवहार क्रमांक पाठवा, त्याच्या बँकेला शोधता येतो. आणि स्थायी सूचना (दरमहा आपोआप पैसे पाठवायचा बँकेला दिलेला आदेश) पाच तारखेची लावू नका, तीनची लावा. शिल्लक कमी पडली तर हाताशी दोन दिवस राहतात.

वकिली काम

चेकबद्दल कोणी लिहिलं नाही. चेक वटला तर तो दिला त्या दिवशीच पैसे दिले असं धरतात, परतला तर काहीच दिलं नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आपल्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सच्या आयकर खटल्यात लावलं होतं. सरकारी चेक टपालाने येत, प्रश्न पैसे कुठे मिळाले असं धरायचं हा होता. करारात ‘खात्यात जमा झाल्याची तारीख हीच भरण्याची तारीख’ असं लिहिलं असेल तर मात्र तसं वागावं लागेल. पुढच्या तारखांचे चेक देत असाल तर प्रत्येकाच्या मागे महिना लिहा, आणि तारखेपासून तीन महिन्यांनंतर तो चेक चालत नाही हे मालकाने ध्यानात ठेवावं.

कराचं काम

भाडं महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त असेल तर राहणाऱ्या व्यक्तीने टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, आधी ५ होता. तो दरमहा न कापता आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात एकदम कापतात, किंवा आधी जागा सोडली तर तिथल्या शेवटच्या महिन्यात. मार्चचं भाडं कमी आलं म्हणून मालक थकबाकीचा मेसेज टाकतो, तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. फेब्रुवारीतच आकडा कळवा. मालक अनिवासी असेल तर नियम वेगळे, तिथे दरवेळी कापावा लागतो.

रोख देत असाल तर पाच हजारांच्या वर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली पावती घ्या. पावतीत चार गोष्टी: रक्कम, मिळाल्याची तारीख, कुठल्या कालावधीचं, जागेचा पत्ता. तिसरी गोष्ट निम्म्या पावत्यांत नसते.

भाडेकरूंच्या बाजूने

सोडतानाचं कोणीतरी लिहायला हवं, म्हणून थोडक्यात. एक महिन्याची नोटीस ६ तारखेला दिली तर ती पुढच्या ६ ला संपते की महिनाअखेर? करारात ‘इंग्रजी महिन्याच्या शेवटी संपणारी’ असं नसेल तर पुढच्या ६ ला (नोटीस दिली तो दिवस मोजत नाहीत), आणि भाडं तिथपर्यंतचंच. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर मालकाचं ‘हो’ लेखी घ्या, नाहीतर तो महिना थकलेला धरतात.

मुदत संपूनही राहिलात तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई लागू शकते. १८,६०० च्या जागेला महिन्याला ३७,२००, जूनमध्ये रोजचे १,२४०. म्हणून चाव्या दिल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने कागदावर घ्या. विजेच्या मीटरचं रीडिंग त्याच कागदावर, आणि मीटरचा फोटो.