नाताळचे साठ डबे आणि सवलतीचा प्रश्न

प्रेषक: कार्यवाह
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५
विषय: शेजाऱ्यांसाठी नाताळचे डबे, सभासदांचे मत हवे

सप्रेम नमस्कार,

दर वर्षीप्रमाणे यंदाही नाताळच्या आठवड्यात मंडळातर्फे फराळाचे ६० डबे स्विंडनमधील आपापल्या शेजाऱ्यांना, सभागृहाच्या राखणदाराला आणि ग्रंथालयात व दवाखान्यात काम करणाऱ्यांना द्यायचे आहेत. गेली दोन वर्षे हे डबे आपण लेस्टरहून मागवले. ते वेळेवर आले, परंतु वाटेतल्या आदळआपटीत शंकरपाळ्यांचा भुगा होऊन आला. म्हणून यंदा ते आपल्याच सभासदांच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यावेत, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. चार करंज्या, दोन चकल्या, मूठभर शंकरपाळे आणि चिवड्याची पुडी अशा एका डब्याचा भाव त्यांनी ७ पौंड सांगितला आहे.

मागणी मोठी असल्यामुळे २० टक्के सवलत मागावी, अशी सूचना बैठकीत आली आहे. सभासदांनी आपले मत रविवार, ३० नोव्हेंबरपर्यंत कळवावे. दुकानाचे दादा आणि वहिनी हेही या ईमेल यादीवर आहेत, याचे भान ठेवून लिहावे, ही विनंती.

आपला,
कार्यवाह


प्रेषक: खजिनदार
दिनांक: २५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार,

सवलतीची सूचना माझीच होती, तेव्हा तिची कारणे मीच मांडतो. ६० डब्यांचे ४२० पौंड होतात. २० टक्के सवलत मिळाली, तर ८४ पौंड वाचतील आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सभागृहभाड्याला त्याचा हातभार लागेल. मंडळाचा पैसा सभासदांच्या वर्गणीचा असल्यामुळे तो जपून खर्च करणे हे माझे काम आहे, आणि एकरकमी मागणीवर भाव कमी करून घेणे ही व्यापारातली सर्वमान्य रीत आहे. शिवाय दादा-वहिनी घरचेच आहेत. परक्या दुकानदाराकडे जे मागायला संकोच वाटला असता, ते आपल्या माणसाकडे मागायला हरकत नसावी, असे मला वाटते.

एक तांत्रिक मुद्दाही आहे. विकण्याच्या जागीच भरून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवर ऑक्टोबर २०२१ पासून संपूर्ण घटकांची यादी लावावी लागते आणि ॲलर्जी निर्माण करू शकणारे १४ घटक त्यात ठळक दाखवावे लागतात. आपल्या डब्यात गहू, दूध, तीळ, काजू आणि शेंगदाणे असे पाच तरी येतातच. ही पट्टी दुकानाकडूनच लावून मिळावी.

आपला,
खजिनदार


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
दिनांक: २७ नोव्हेंबर २०२५

कार्यवाह आणि खजिनदार, दोघांनाही आशीर्वाद.

मी सहसा या यादीवर लिहीत नाही, परंतु दुकानापासून तिसऱ्या घरात गेली १९ वर्षे राहते आहे, त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला जमणार नाही. मंडळात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून वयाने मोठी असूनही मीही तसेच लिहिते.

प्रथम २५ डिसेंबरविषयी. येथे इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडण्यास बंदी आहे, रेल्वे धावत नाही आणि आमच्या रस्त्यावर बसही फिरकत नाही. ज्याच्याकडे गाडी नाही आणि ज्याच्या घरातले दूध नासले आहे, अशा माणसाला त्या दिवशी चालत जाता येईल तेवढेच जग उरते. आमच्या भागात त्या जगात एकच दिवा लागलेला असतो, तो दादांच्या दुकानाचा, सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत. गेल्या वर्षी मी तेथे कोथिंबिरीसाठी गेले आणि तासभर रेंगाळले. एक बाप पायात सपाता आणि अंगावर झगा अशा अवस्थेत मुलीच्या नव्या खेळण्यासाठी बॅटऱ्या न्यायला आला होता. एका बाईला ग्रेव्हीची पूड हवी होती, कारण मेजवानीचा पक्षी ओव्हनमध्ये होता आणि पाहुणे दारात. आणि गल्ल्याशेजारच्या उलट्या ठेवलेल्या दुधाच्या क्रेटवर एक आजोबा बसले होते, जे १९८६ मध्ये बंद झालेल्या येथल्या रेल्वे कारखान्यात नोकरीला होते. त्यांनी अर्धा लिटर दूध घेतले होते आणि ते मांडीवर ठेवून ते दादांना इंजिनाच्या बॉयलरविषयी सांगत होते. तो क्रेट दादांनी त्यांच्यासाठीच मांडलेला असतो, हे मला नंतर कळले. इतर दिवशी तो मागच्या खोलीत असतो.

आता खरे कारण, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

दादांच्या मातोश्री श्रावणात सावंतवाडीला वारल्या, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. या यादीवर आपण सर्वांनी शोकसंदेशही लिहिले. दुःखाच्या पहिल्या वर्षी घरात सणाचे तळण करत नाहीत आणि त्या घरी शेजारीपाजारी व सोयरे फराळाचे ताट नेऊन देतात, हेही आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. वहिनींनी गावी वडीलधाऱ्यांना फोन करून विचारले, की दिवाळीच्या मागण्या घेऊ की नको. तिकडून उत्तर आले, की धंद्याची कढई वेगळी आणि घरची वेगळी. त्याप्रमाणे त्यांनी दुकानामागच्या स्वयंपाकघरात आपल्या सर्वांच्या मागण्या तळल्या, पण स्वतः एकही चकली तोंडात घातली नाही. मग मीठ कसे कळायचे? पहिल्या घाण्यातली चकली मोडून त्या कुंपणावरून शेजारच्या, गोव्यातल्या बार्देशच्या बाईंना देत आणि विचारत, "मीठ बरा आसा काय?" त्या चावून सांगत, "मातशें उणें," म्हणजे थोडे कमी. मागच्या अंगणातून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. आपण सर्वांनी वाखाणलेल्या चकल्यांचे मीठ गोव्याच्या एका ख्रिस्ती बाईच्या जिभेवर ठरले होते.

दिवाळीत त्या घरी ताट कोणी नेले? मी नेले नाही. माझ्या ताटात त्यांच्याकडून विकत आणलेलाच फराळ होता आणि तोच त्यांना कसा न्यायचा, या अवघडलेपणात मी ते टाळले. नंतर चौकशी केली, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी त्याच कारणाने टाळले, असे दिसले. ताट आले ते त्या बार्देशच्या बाईंकडून. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांना गोडाचे ताट पाठवतात, त्याला त्या कोंसुआद म्हणतात. वहिनींच्या घरी यंदा सण नाही म्हणून त्यांनी दोन महिने आधीच, दिवाळीच्या दिवशी, नेवऱ्या आणि दोदोल ही नारळ-गुळाची मिठाई आणून दिली. त्यांची नेवरी म्हणजे आपली करंजीच, कडेला तीच मुरड. आणि ताटाखाली आमच्या समोरच्या इंग्रज बाईंचे कार्ड होते, ज्यांना दिवाळी म्हणजे काय हे नीट माहीतही नाही.

असे असताना महिन्याभरात आपण त्याच घराकडे "आपले माणूस" म्हणून सवलत मागणार आहोत. खजिनदार, तुमचा हिशेब चोख असतो आणि तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ८४ पौंड म्हणजे आपल्या ४० कुटुंबांमागे २ पौंड १० पेन्स होतात. तेवढे मी माझ्या पर्समधून देते, पण मागणीपत्रावर सवलतीचा शब्द नको.

आपली,
एक ज्येष्ठ सभासद


प्रेषक: खजिनदार
दिनांक: २८ नोव्हेंबर २०२५

काकू, नमस्कार.

आपले पत्र काल रात्री वाचले आणि नंतर मी तो हिशेब पुन्हा मांडला, कारण माझ्या हिशेबात डबा होता, तो करणारी माणसे नव्हती. एवढ्या डब्यांसाठी दोन माणसांना तीन संध्याकाळी, प्रत्येकी पाच तास तरी लागतील, म्हणजे एकूण ३० तास. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झाले आहे. त्या दराने नुसती मजुरी ३६६ पौंड ३० पेन्स होते. ४२० पौंडांतून ती वजा केली, तर रवा, मैदा, तूप, तेल, काजू, डबे आणि वीज यांसाठी ५४ पौंडही उरत नाहीत. माझी सवलत धरली असती, तर ३३६ पौंडांत मजुरीसुद्धा निघाली नसती. त्यातून घरगुती विजेच्या दराला असलेली कमाल मर्यादा दुकानांना लागू नाही आणि दुधाचे कपाट तर रात्रंदिवस चालू असते. घरची माणसे मजुरी लावत नाहीत म्हणून भाव ७ पौंड आहे. ती सवलत आपल्याला आधीच मिळाली होती, मला ती दिसली नाही.

सवलतीची सूचना मी मागे घेत आहे. उलट भाव ८ पौंड करावा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, असे सुचवतो. दिवाळीत मी स्वतः बारा पुड्या घेताना गल्ल्यावर उभा राहून "एक वरती टाका" असे म्हणालो होतो आणि वहिनींनी ती टाकली होती, हेही येथे नोंदवतो.

आपला,
खजिनदार


प्रेषक: दुकानातून
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५

सर्वांना नमस्कार.

दुकान बंद केल्यावर दोघांनी मिळून सगळी पत्रे वाचली. उत्तर मी लिहिते आहे, कारण ह्यांना टंकायला वेळ लागतो.

काकूंनी आमच्याविषयी फार चांगले लिहिले आहे, त्यातले काही दुरुस्त करायला हवे. २५ डिसेंबरला आम्ही दानधर्म म्हणून दुकान उघडत नाही. त्या चार तासांतली विक्री जानेवारीतल्या मंगळवारच्या दिवसभराच्या विक्रीपेक्षा चांगली होते आणि बॅटऱ्यांवर दुधापेक्षा बरे सुटते. क्रेटचे म्हणाल, तर आजोबांना उभे राहवत नाही, एवढेच.

भाव ७ पौंडच राहील. मंडळाने तो वाढवूही नये आणि कमीही करू नये; कितीला परवडते ते आम्ही पाहिले आहे. आगाऊ रक्कम मात्र चालेल, कारण काजू आताच घ्यावे लागतील. तूप आम्ही येथलेच बटर कढवून करतो, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला परवानगी नाही. घटकांची पट्टी नेहमीच लावतो. यंदा तीळ आणि शेंगदाणे आणखी ठळक करू.

६० डबे मात्र होणार नाहीत. कढई एकच आहे आणि दुकान सांभाळून ४५ च्या वर हात चालत नाही, आणि हो म्हणून नंतर कच्च्या करंज्या देण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. उरलेले १५ मंडळींनी घरी करावेत. शनिवारी, १३ डिसेंबरला, दुपारी शेजारच्या बाई आमच्या मागच्या खोलीत कुलकुल वळायला बसणार आहेत. पिठाची बारीक गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून ओढायची, की ती शिंपल्यासारखी गुंडाळत येते. दहा-बारा बिघडल्या, की हात बसतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापला काटा आणावा. ते कुलकुल विकायचे नाहीत, कारण नगरपालिकेत नोंदणी दुकानाची आहे, बाईंची नाही, आणि असती तरी त्यांनी पैसे घेतले नसते.

दिवाळीच्या ताटाचे कोणी मनाला लावून घेऊ नये. कोणी आणले असते, तर खाल्ले असते, हे मात्र खरे.

आता एक मागणे आहे. बाईंनी आम्हा दोघांना २५ तारखेला दुपारी जेवायला बोलावले आहे. दुकान घेतल्यापासून त्या दिवशी आम्ही कोणाकडे जेवायला गेलेलो नाही. गल्ल्यावर मुलगा बसेल आणि मद्याचा कप्पा बंद ठेवू. परंतु बाराच्या सुमारास हे स्वतः तीन घरी दूध आणि पाव पोचवून येतात. तिघेही एकटे राहतात आणि पैसे आधीच देऊन ठेवतात. ती एक फेरी कोणी केली, तर आम्हाला जेवायला वेळेवर जाता येईल. चालत वीस मिनिटे लागतात, पण क्रेटवाले आजोबा यंदा घराबाहेर पडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त वेळ लागेल.

आपली,
वहिनी


प्रेषक: खजिनदार
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५

वहिनी, फेरी मी करतो. पत्ते यादीवर लिहू नका, मी उद्या संध्याकाळी दुकानात येऊन घेईन आणि त्याच वेळी २१० पौंड काजूंसाठी देईन, म्हणजे पुन्हा खेप नको. डबे ४५ झाले असल्याने उरलेले १०५ पौंड डबे नेताना चुकते करीन. उरलेल्या १५ डब्यांपैकी पाच आमच्या घरी होतील. आजोबांना इंजिनांपैकी नेमके कोणते आवडते, ते दादांनी तेवढे सांगून ठेवावे.

आपला,
खजिनदार


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
दिनांक: १ डिसेंबर २०२५

खजिनदार, आजोबांच्या पुढच्या दाराची घंटा वाजत नाही. मागच्या गल्लीतून जा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करा. पायरी उतरती आहे, दव गोठले असेल तर जपून. आणि एक ताट माझ्याकडून घेऊन जा, ते वहिनींच्या दारात आधी द्या. करंज्या मी स्वतः करणार आहे.