मदत हवी आहे: वाचनालयाच्या इंटरकॉमवर डायल-अप बीबीएस, कॉलर गेला तरी लाइन सुटत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. इमारतीतला जुना ईपीएबीएक्स (आतलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) अजून ठणठणीत चालतो. कार्यालय, वाचनकक्ष, बालविभाग, वरचा संदर्भ विभाग, सगळीकडे एक्स्टेन्शन पोचलेली आहेत. याच तारांवर खराखुरा डायल-अप बीबीएस (फोन लावून शिरायचा संगणकावरचा सूचना-फलक) चालवायचा आमचा बेत आहे. वर संदर्भ विभागात एक संगणक आणि मोडेम, खाली वाचनकक्षात दुसरा संगणक आणि दुसरा मोडेम. वाचकाने २१ नंबर लावायचा, मोडेमची किरकिर ऐकायची, नाव टाकायचं आणि वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहून ठेवायच्या. पुढचा येईल तो त्याखाली लिहील. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, तोवर हे चालू व्हायला हवं.

टेलनेटवर (म्हणजे फोनऐवजी नेटवर्कवरून) का करत नाही, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. मला एकच लाइन हवी आहे, एका वेळी एकच माणूस. एक जण आत असला की दुसऱ्याला बिझी टोन. वाट बघायची, मग लावायचं. शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी जानेवारी १९७८ च्या हिमवादळात घरी अडकून पडल्यावर पहिला बीबीएस बांधायला घेतला आणि १६ फेब्रुवारीला सुरू केला, तेव्हा त्यांच्या मनात संगणक क्लबचा सूचना-फलक होता: कुणी चिठ्ठी लावतो, कुणी येऊन वाचतो. वाचनालयात तसा फलक दारातच असतो. आमच्या सभासद मुलांना हे हाताने करून बघता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

सामान असं: वर पेंटियम ३, त्यावर लिनक्स आणि सिंक्रोनेट हा बीबीएसचा प्रोग्राम. सिंक्रोनेटसोबत एक छोटा प्रोग्राम येतो, तो मोडेमवरचा फोन उचलतो आणि कॉल टेलनेट सर्व्हरकडे वळवतो, तोच वापरतोय. खाली जुना ४८६, डॉस आणि टेलिक्स (मोडेमवरून बीबीएसला जोडणारा प्रोग्राम). दोन्हीकडे ५६के एक्स्टर्नल मोडेम, स्वतंत्र अडॅप्टरवाले. (मोडेमच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आता घोडं कुठे अडलंय ते:

खालून "एटीडीटी२१" (२१ नंबर लाव) दिलं की "नो डायल टोन" येतं. त्याच सॉकेटला साधा फोन लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतो.

फोनवरून नंबर लावून मग मोडेमला लाइन दिली तर जोडणी होते, वेग ३१२०० (बिट प्रति सेकंद) वगैरे दाखवते. पण लांब संदेश उघडला की मधल्या ओळी गळतात. एखादा शब्द अर्धा, पुढची ओळ गायब, मग पुन्हा नीट. वायरिंग जुनं आहे, ट्यूबलाइटच्या पट्ट्यांना लागून गेलंय. लाइनवरचा आवाज असेल का?

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. खालच्याने लॉगआउट न करता संगणक बंद केला तर वर काहीच कळत नाही. पुढच्याने फोन लावला की तो थेट आधीच्या माणसाच्या खात्यात शिरतो. मुलं आहेत, संगणक असाच बंद करणार. हे सुटल्याशिवाय वाचकांसाठी उघडता येणार नाही.

आणि संदेश मराठीत हवेत. टेलिक्समध्ये देवनागरीच्या जागी चौकटी आणि ग्रीक अक्षरं दिसतात.

कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १

उत्तम उपक्रम. पहिली अडचण सोपी आहे. मोडेमला ठरावीक प्रकारचा डायल टोन ओळखायला शिकवलेलं असतं आणि छोट्या ईपीएबीएक्सचा आतला टोन बऱ्याचदा त्यात बसत नाही. कानाला टोन ऐकू येतो, मोडेमला पटत नाही. "एटीएक्स३" द्या. मग तो टोनची वाट न बघता नंबर लावतो, आणि बिझी टोन मात्र ओळखतो. तुम्हाला बिझी हवाच आहे, म्हणून एक्स१ वर जाऊ नका, एक्स३ च ठेवा.

ईपीएबीएक्सच्या प्रोग्रामिंगमध्येही एकदा डोकवा. त्या दोन एक्स्टेन्शनचं कॉल वेटिंग बंद करा. चालू जोडणीत एक बीप आली तरी मोडेमची गाठ सुटते. काही यंत्रांत डेटा लाइन सिक्युरिटी नावाची सोय असते, ती दोन्ही एक्स्टेन्शनला लावली की मध्येच बीप किंवा ऑपरेटरची घुसखोरी होत नाही.

प्रतिसाद २

नव्वदच्या दशकात मुंबईत रात्री जागून बीबीएसवर पडीक असायचो, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याआधी आम्हाला बाहेरच्या जगाची खिडकी होती ती हीच. बंगळूरला अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स हा बीबीएस होता, पण तिथे फोन लावायचा म्हणजे एसटीडीचं बिल, त्यामुळे तो बहुतेकांसाठी नुसता ऐकण्यातला.

तुमची दुसरी अडचण लाइनची नाही, असं मी खात्रीने सांगतो. ३१२०० वर जोडणी होतेय म्हणजे दोन्ही मोडेमनी व्ही.४२ म्हणजे चूक-दुरुस्ती जवळपास नक्की चालू केलेली असणार. कनेक्टच्या ओळीत "व्ही४२" किंवा "एलएपीएम" दिसतंय का बघा. ते चालू असताना तारेवर खरखर आली तर मोडेम खराब झालेला तुकडा पुन्हा मागवतो. पडद्यावर ते थबकल्यासारखं दिसतं. कचरा येत नाही आणि अक्षरही गळत नाही. अक्षरं गळतायत ती मोडेम आणि संगणक यांच्यामधल्या सिरियल केबलवर.

कारण सांगतो. ४८६ च्या जुन्या कार्डावर ८२५० किंवा १६४५० ही चिप असते. तिच्यात एकच बाइट मावतो. पोर्ट ३८४०० वर असेल तर सेकंदाला ३८४० बाइट येतात, म्हणजे साधारण पाव मिलिसेकंदाला एक. तेवढ्यात प्रोसेसरने तो उचलला नाही, डिस्कवर काही लिहीत बसला, की पुढचा बाइट त्यावर चढतो आणि आधीचा गेला. १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटची रांग असते, म्हणून ती श्वास घेऊ देते. डॉसमध्ये एमएसडी हा तपासणी प्रोग्राम चालवा, कॉम पोर्टच्या पानावर चिपचं नाव दिसेल.

उपाय दोन, दोन्ही करा. टेलिक्समध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जागा भरली की तारेवरून "थांब" सांगण्याची सोय) म्हणजे आरटीएस/सीटीएस चालू, एक्सऑन/एक्सऑफ बंद, आणि मोडेमलाही तेच कळवा (बऱ्याच मोडेमना "एटी&के३", यूएस रोबोटिक्सला "एटी&एच१&आर२"). वरच्या यंत्रावरही हेच. दुसरं, चिप जुनी निघाली तर पोर्ट १९२०० वर उतरवा. तसंही वाचायच्या वेगाला ९६०० पुरून उरतं.

आणि ५६के चा नाद सोडा. तो वेग एक टोक डिजिटल असेल तरच मिळतो. दोन साध्या मोडेममध्ये ३३६०० ही कमाल. ट्यूबलाइटशेजारच्या तारांवर मी तर १४४०० ला बांधून ठेवलं असतं: जोडणी लवकर होते आणि सारखं वर-खाली होत नाही.

प्रतिसाद ३

तिसऱ्या अडचणीबद्दल. आधी मोडेमकडे बघा, संगणकाकडे नंतर. खालचा संगणक बंद करा आणि कुणाला तरी वर उभं करा. वरच्या मोडेमवरचा सीडी (जोडणी चालू असल्याचा) दिवा काही सेकंदांत विझतो का?

विझत असेल तर मोडेमला कळलंय की पलीकडे कुणी नाही, पण ते संगणकापर्यंत पोचत नाहीये. विझत नसेल तर खालचा मोडेमच लाइन धरून बसलाय, कारण त्याचा अडॅप्टर वेगळा आहे आणि संगणक मेला तरी तो जिवंत राहतो.

दोन्हीवर इलाज एकच जोडी: "एटी&सी१&डी२". &सी१ मुळे कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सिग्नल) गेला की डीसीडी या तारेवरचा इशारा बंद होतो आणि बीबीएस ते सत्र बंद करतो. &डी२ मुळे संगणकाने डीटीआर (संगणक तयार असल्याचा इशारा) सोडला की मोडेम फोन ठेवतो. वर आणि खाली, दोन्ही मोडेमना द्या. वरच्याला "एटीएस०=१" पण, म्हणजे पहिल्याच घंटीला उचलेल. मग "&डब्ल्यू" ने जतन करा, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जाईल.

एवढं करूनही तसंच राहिलं तर केबल काढून मल्टिमीटर लावा. ९ पिनी बाजूला डीसीडी १ वर आणि डीटीआर ४ वर, २५ पिनी बाजूला अनुक्रमे ८ आणि २०. वजनकाटे, यूपीएस वगैरेंच्या केबली बाहेरून अगदी तशाच दिसतात, पण आत पाठवणं, घेणं आणि ग्राउंड अशा तीनच तारा असतात. त्यावर अक्षरं जातात, येतात, सगळं आलबेल वाटतं, फक्त कॉलर गेल्याचं कधीच कळत नाही. त्याच केबलवर आरटीएस/सीटीएससुद्धा चालणार नाही, म्हणजे प्रतिसाद २ मधला उपाय वाया.

शिवाय बीबीएसमध्ये दोन मर्यादा घाला: काही मिनिटं कळ दाबली नाही तर बाहेर, आणि प्रत्येक कॉलला वेळेची हद्द. एकच लाइन असलेले सिसॉप (बीबीएस चालवणारे) हे करायचे. नाहीतर एक जण तासभर बसतो आणि बाकीच्यांना नुसताच बिझी टोन.

धागाकर्ता

काका (प्रतिसाद २) आणि बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. एक्स३ ने पहिल्या फटक्यात नंबर लागला. वाचनकक्षातली मंडळी आवाज ऐकून गोळा झाली.

सीडी दिवा विझत होता, बीबीएस मात्र चालूच. केबल तपासली. वरच्या मोडेमसोबत आलेल्या केबलमध्ये तीनच तारा निघाल्या. गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने सगळ्या पिनांची नवी बांधून दिली. आता खालचं बटण दाबलं की वर तीन-चार सेकंदांत सत्र बंद होतं आणि पुढच्याला नाव विचारलं जातं. ४८६ वर १६४५० निघाली. पोर्ट १९२०० वर आणून आरटीएस/सीटीएस लावल्यावर एकही ओळ गळलेली नाही.

राहिली देवनागरी.

प्रतिसाद ४

देवनागरीचा इतिहास तुमच्या ४८६ च्याच काळातला आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसमध्ये बसवलं की पडद्यावर मराठी यायची. आत इस्की असायची: खालच्या १२८ जागा इंग्रजीच्या, वरच्या १२८ मधल्या जागा भारतीय लिपींच्या. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ म्हणून प्रमाण झाली. एका चिन्हाला एक बाइट, त्यामुळे मंद लाइनला फार सोयीची. पण वरच्या त्याच जागांवर डॉसच्या चौकटी आणि ग्रीक अक्षरं बसलेली असतात, म्हणून कार्ड नसलेल्या यंत्रावर इस्की मजकुराचंही तुम्हाला दिसतं तसंच होतं. चालू जिस्ट कार्ड हाती लागलं तर जरूर लावा, पण २७ तारखेचा कार्यक्रम त्याच्या भरवशावर ठेवू नका.

माझा सल्ला: ४८६ इंग्रजी मेनू आणि किरकिर दाखवायला ठेवा. मराठी लिहायला तिथेच जरा नवा संगणक, हलकं लिनक्स, मिनिकॉम (टेलिक्ससारखाच प्रोग्राम) आणि देवनागरी नीट जुळवणारं टर्मिनल (एमएलटर्म करून बघा). मोडेम तोच, लाइन तीच. सिंक्रोनेटच्या नव्या आवृत्त्या यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत मांडायची पद्धत) वापरणारं टर्मिनल ओळखतात. दोन्हीकडे ८एन१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) असू द्या. कुठेही ७ बिट राहिले तर मराठीचा चुराडा होईल.

वेगाची काळजी नको. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. ९६०० वर सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे ३२० चिन्हं. मुलांना जुना काळ दाखवायचा असेल तर मुद्दाम ३०० वर जोडा: सेकंदाला १० चिन्हं, आणि मात्रा, वेलांट्या, हलन्त हेही त्यातच मोजायचे. "ज्ञानेश्वरी" एवढा एक शब्द यायला सेकंदाच्या वर वेळ लागतो आणि जोडाक्षर डोळ्यांसमोर जुळताना दिसतं. मला स्वतःला हे फार सुंदर वाटतं.

मेनूला उजवीकडची चौकट काढू नका. जोडाक्षरांची रुंदी प्रत्येक टर्मिनल वेगळी मोजतं, उजवी रेघ हमखास वाकडी होते. डावीकडून सरळ ओळी लिहा, ओळ ६० च्या आसपास तोडा.

धागाकर्ता

केलं. संध्याकाळी बालविभागातल्या एका मुलीने ३०० वर जोडून पहिला संदेश लिहिला. आम्ही चौघे मागे उभे राहून एकेक अक्षर उमटताना बघत होतो. नंतर १४४०० वर आणलं, तिथे उत्तम चालतंय.

एकच गोष्ट उरली आहे. संदेश लिहिताना बॅकस्पेस दाबली की "क्षि" मधली आधी वेलांटी जाते, मग ष, मग हलन्त, असं एकेक निघतं, आणि बीबीएस मात्र दर वेळी पडद्यावरचा एक पूर्ण रकाना पुसतो. दोन-तीनदा खोडलं की पडद्यावर दिसतं एक आणि साठवलं जातं दुसरं. संदेश एका ओळीच्या साध्या संपादकात न लिहिता पूर्ण पानाच्या संपादकात लिहिला तर हे टळेल का? सिंक्रोनेटला बाहेरचा संपादक जोडता येतो. जोडाक्षरं नीट खोडणारा, यूटीएफ-८ वाला, मोडेमवर चालण्याइतका हलका असा कुणी वापरला असेल तर त्याचं नाव आणि सेटिंग इथे टाका. शनिवारी दुपारी वाचनालय रिकामं असतं, तेव्हा बसवून बघतो आणि काय होतं ते कळवतो.