पॅनेल बसले, पण वीज सुरू नाही. उरलेली रक्कम देऊन टाकावी का?

गच्चीमालक (प्रश्न)

नमस्कार. गेले सात महिने आमच्या गच्चीवर बारा सौर पॅनेल उभे आहेत आणि त्यांच्यापासून आजवर एक युनिटही वीज मिळालेली नाही. करारात रकमेचे चार हप्ते ठरले होते. सही करताना ३० टक्के, माल आल्यावर ३० टक्के, पॅनेल बसवल्यावर २० टक्के आणि काम पूर्ण झाल्यावर उरलेले २० टक्के द्यायचे होते. पहिले तीन हप्ते कंत्राटदाराने मागितले त्याच दिवशी मी दिले. सांगाडा उभा राहिला, पॅनेल त्यावर चढले, जिन्याच्या भिंतीवर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र) लागला, आणि मग माणसे यायची बंद झाली. पॅनेलखालून आलेल्या केबलींची टोके प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कठड्याला बांधून ठेवलेली आहेत. अर्थिंगचा खड्डा खणलेला नाही. वीज वितरण कंपनीकडे जोडणीचा अर्ज केला आहे असे मला सांगितले जाते, परंतु त्या अर्जाची पोच तीनदा मागूनही हाती आलेली नाही. शिवाय पहिल्याच पावसात सांगाड्याच्या एका पायापाशी पाणी मुरू लागले आणि खालच्या खोलीच्या छतावर परातीएवढा ओला डाग उमटला.

आता कंत्राटदाराचे म्हणणे असे की उरलेले २० टक्के आधी द्यावेत, म्हणजे तो माणसे पाठवेल. त्याने एक छापील कागदही पाठवला आहे. ‘काम पूर्ण झाल्याचा दाखला’ असे त्याचे शीर्षक असून, त्यावर माझी सही झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, असे तो सांगतो. या कामासाठी मी कर्ज काढले आहे आणि त्याची परतफेडही सुरू झाली आहे, म्हणजे विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता असे दोन्ही भरतो आहे. रक्कम देऊन मोकळे व्हावे की दुसऱ्या एखाद्या वायरमनकडून उरलेली जोडणी करून घ्यावी, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी असे प्रकरण निस्तरले आहे त्यांनी कृपया सांगावे.

तारजोडणी

रकमेविषयी इतर जण सांगतीलच. मी या कामातला आहे, म्हणून आधी सुरक्षिततेविषयी लिहितो, कारण तुमच्या वर्णनातील कठड्याला बांधलेली ती टोके वाचून मला काळजी वाटली.

इन्व्हर्टर बंद आहे म्हणजे पॅनेल बंद आहेत असा बहुतेकांचा समज असतो. तसे नसते. पॅनेलवर ऊन पडले की त्यात विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतोच, आणि तो बंद करण्याचे बटण पॅनेलवर नसते. घरगुती वापराच्या एका मोठ्या पॅनेलचा खुल्या टोकांवरील दाब साधारण ४० ते ५० व्होल्ट असतो. बारा पॅनेल एकाच ओळीत जोडलेले असतील, तर त्या पिशवीतल्या टोकांवर भर दुपारी ४८० ते ६०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) असू शकतात. घरात येणाऱ्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिची ठिणगी विझण्याची शक्यता तरी असते. डीसी प्रवाह शून्यावर येत नाही, म्हणून एकदा पेटलेली कमान, म्हणजे दोन टोकांमधली सलग ठिणगी, जळत राहते. पिशवीत पाणी साचते, केबलचे आवरण कठड्याच्या कडेला घासते, आणि अर्थिंग नसल्यामुळे विजेची गळती झालीच तर सांगाड्याचाच झटका बसू शकतो. म्हणून मुलांना गच्चीवर जाऊ देऊ नका, सांगाड्याला हात लावू नका, आणि ती टोके सोडवून पाहण्याचा मोह तर मुळीच नको. एखाद्या पात्र तंत्रज्ञाला बोलावून टोकांवर योग्य टोपणे बसवून घ्या. कंत्राटदाराला तसे आधी लेखी कळवले आणि छायाचित्रे काढून ठेवली, तर या तात्पुरत्या उपायावर कोणी आक्षेप घेण्याचे कारण राहत नाही.

दुसऱ्या वायरमनकडून घाईने जोडणी करून घेऊ नका, हेही आग्रहाने सांगतो. परवानगीशिवाय यंत्रणा सुरू केली तर गच्चीवरची जास्तीची वीज जुन्या मीटरमधून बाहेर जाईल, आणि काही मीटर बाहेर गेलेली वीजही वापरलेली वीज म्हणूनच मोजतात. शिवाय वेगवेगळ्या उत्पादकांचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून जोडले जातात, पण आतला संपर्क नीट न झाल्याने ते तापतात आणि पुढे आगीचे कारण होतात. असे काही घडले, की ती चूक कोणाची यावरून नवा वाद उभा राहतो.

ग्रिडला, म्हणजे वितरण कंपनीच्या जाळ्याला, जोडलेल्या सौर यंत्रणेच्या तपासणीसाठी आयईसी ६२४४६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अर्थिंगचे सातत्य, टोकांची धन-ऋण दिशा, प्रत्येक ओळीचा खुल्या टोकांवरील दाब, प्रवाह आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स (केबलचे आवरण विजेची गळती किती रोखते ते; ही मोजणी म्हणजे ज्याला आम्ही मेगर चाचणी म्हणतो), इतक्या गोष्टी त्यात मोजून लिहून द्यायच्या असतात. ‘काम पूर्ण’ याचा अर्थ निदान हा चाचणी अहवाल हातात येणे असा धरा. तो नसेल तर पॅनेल वर चढवून ठेवले आहेत, एवढेच म्हणता येईल.

सही केलेली

तुम्ही त्या दाखल्यावर सही करू नका, एवढ्यासाठीच मी लिहिते आहे.

आमच्याकडे अगदी असेच झाले होते. सांगाडा आणि पॅनेल लागले, जोडणी राहिली, आणि एका संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस दारात उभा राहून ‘ही नुसती औपचारिकता आहे’ म्हणाला. मी चार महिन्यांच्या फोनाफोनीने थकले होते आणि सही केली. त्या सहीच्या जोरावर कर्ज देणाऱ्या संस्थेने शेवटची रक्कम थेट त्याच्या खात्यात भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने फोन उचलणे बंद केले. पुढे तक्रार केली तेव्हा समोरून पहिला कागद दाखवण्यात आला तो माझ्याच सहीचा, आणि त्यावर ‘सर्व चाचण्या समाधानकारक झाल्या आहेत’ असे वाक्य होते. कोणतीही चाचणी झालेली नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यामुळे माझ्यावर येऊन पडली.

यातून बाहेर पडायला मला एका यादीने मदत केली. ‘काम अर्धवट आहे’ असे मी शंभर वेळा म्हटले होते, आणि त्यावर प्रत्येक वेळी ‘थोडेच राहिले आहे’ हे उत्तर ठरलेले होते. मग एका तंत्रज्ञाला बरोबर घेऊन राहिलेल्या कामाच्या अकरा बाबी लिहिल्या, प्रत्येकीचे तारखेसह छायाचित्र काढले, आणि ती बाब करारात किंवा कोटेशनमध्ये कोणत्या ओळीत आहे तेही शेजारी नोंदवले. ती यादी पोच मिळेल अशा टपालाने पाठवल्यावर त्याला ‘थोडेच’ म्हणता येईना. अकरांपैकी सहा बाबी त्याने येऊन पूर्ण केल्या. उरलेल्या पाच मी दुसऱ्याकडून करून घेतल्या आणि त्यांचा खर्च नंतरच्या तडजोडीत वळता झाला. तो पूर्ण मात्र मिळाला नाही.

आणखी दोन गोष्टी आजच करा. पॅनेलच्या मागच्या पट्टीवरचे अनुक्रमांक आणि इन्व्हर्टरचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहा, कारण उत्पादकाची हमी त्या क्रमांकांवरच मिळते. पॅनेलखाली स्वतः वाकू नका, तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्याकडून छायाचित्रे काढून घ्या. दुसरे म्हणजे इन्व्हर्टरच्या ॲपमधील मुख्य खाते तुमच्या नावावर आहे की कंत्राटदाराच्या, हे विचारून घ्या. आमचे खाते त्याच्या नावावर होते आणि ते परत मिळवण्यात कित्येक आठवडे गेले.

मीही कंत्राटदार

मी स्वतः हीच कामे घेतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. प्रत्येक रखडलेल्या कामामागे फसवणूक असतेच असे नाही. वितरण कंपनीची तपासणी लांबते, मीटर उपलब्ध नसतात, पुरवठादाराचा माल अडकतो, आणि आमच्यासारखे लहान कंत्राटदार एका घराच्या हप्त्यातून दुसऱ्या घराचा माल उचलतात. ही शेवटची पद्धत वाईट आहे आणि बहुतेक कामे तिच्यामुळेच अर्ध्यावर थांबतात, हे मी मान्य करतो. तुमच्या बाबतीत उरलेले २० टक्के आधी मागितले जात आहेत, त्यावरून मला तीच शंका येते.

तो खरे बोलतो आहे का, हे तपासायला अर्जाचा क्रमांक पुरेसा आहे. अर्ज केला असेल तर क्रमांक असतो, आणि ग्राहक म्हणून तो घेऊन तुम्ही स्वतः वितरण कंपनीत चौकशी करू शकता. काम पूर्ण झाल्याचा कागद काही ठिकाणी अर्जासोबत खरोखरच लागतो, पण तो यंत्रणा जोडून, तपासून झाल्यावर द्यायचा असतो. केबलीची टोके कठड्याला बांधलेली असताना तो मागणे मला कोणत्याही अर्थाने योग्य वाटत नाही.

गळतीविषयी एक सांगतो. पाय बसवताना स्लॅबमध्ये भोक पाडून बोल्ट घातले असतील, तर त्याभोवती जलरोधक भराव घालणे हे सांगाड्याच्याच कामात येते. वरून नुसते सिमेंट थापले तर ते पुढच्या उन्हाळ्यात तडकते. बोल्ट काढून, भोक साफ करून, रसायन भरून पुन्हा बसवायला सांगा, आणि त्या भागात पाणी साठवून निदान एक दिवस निरीक्षण करा.

कागदपत्रे जपा

वरील सल्ल्यात थोडी भर घालतो. करार रद्द करून दुसऱ्याला काम देण्याचा अधिकार तुम्हाला असू शकतो, परंतु त्याआधी पहिल्याला दोष दुरुस्त करण्याची वाजवी संधी दिल्याचे कागदावर दिसले पाहिजे. अन्यथा ‘मला काम करूच दिले नाही’ ही तक्रार तोच करेल. म्हणून लेखी नोटिशीत राहिलेल्या बाबींची यादी, काम पूर्ण करण्याची निश्चित तारीख, आणि त्या तारखेनंतर उरलेल्या रकमेतून दुसऱ्याकडून काम करून घेतले जाईल, हे तिन्ही स्पष्ट असावे. गळतीची नुकसानभरपाई स्वतंत्र परिच्छेदात मागा, कारण ती अपूर्ण कामापेक्षा वेगळी बाब आहे.

कर्ज देणाऱ्या संस्थेलाही आजच लेखी कळवा की काम अपूर्ण आहे आणि तुमच्या सहीशिवाय पुढची कोणतीही रक्कम देऊ नये. रागाच्या भरात कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा असतो, आणि थकबाकीदार म्हणून तुमचीच नोंद होईल.

तुमच्या करारात ‘काम पूर्ण झाल्यावर’ या शब्दांची व्याख्या आहे का, ते पाहून कळवाल का? बहुतेक करारांत ती नसते. तुमच्याही नसेल, तर नोटिशीत ती तुम्हीच लिहा: चाचणी अहवाल, जोडणीची मंजुरी, नवा मीटर आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती. त्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पुढे त्याचा उपयोग होतो.

गच्चीमालक

सर्वांचे मनापासून आभार. करारात तशी व्याख्या नव्हती, म्हणून ती नोटिशीत लिहिली आणि नऊ बाबींची यादी जोडली. वितरण कंपनीत चौकशी केली असता माझ्या नावाने कोणताही अर्ज दाखल नसल्याचे समजले. तेही नोटिशीत नमूद केले.

नोटीस मिळाल्यावर सहाव्या दिवशी कंत्राटदार स्वतः आला. मी एका स्वतंत्र तंत्रज्ञाला आधीच बोलावून ठेवले होते आणि दोघांच्या समोर पाहणी झाली. अनुक्रमांक सगळे जुळले. मेगर चाचणीत मात्र एका ओळीचे वाचन ०.२ मेगाओमवर थांबले. त्या दाबाच्या यंत्रणेसाठी ते किमान १ मेगाओम असावे लागते, असे तंत्रज्ञाने सांगितले. शोध घेतला तेव्हा चौथ्या पॅनेलखाली केबल सांगाड्याच्या कापलेल्या, न घासलेल्या कडेवरून ताणून नेलेली आढळली. वाऱ्याने हलून हलून तिचे काळे आवरण बोटभर लांबीत सोलले गेले होते आणि आतली तांब्याची तार चकाकत होती. दुसऱ्या वायरमनकडून मी घाईने जोडणी करून घेतली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. कंत्राटदार ती तार पाहून बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग केबल बदलण्याची बाब यादीत दहावी म्हणून त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, तारीख घालून सही केली.

दाखल्यावर मी सही केलेली नाही आणि उरलेली रक्कम माझ्याकडेच आहे. सोललेली केबल काढून नेली आहे, अर्जाची पोच काल मिळाली, आणि अर्थिंगचा खड्डा आज सकाळी खणून झाला.