रुग्ण कमी म्हणून नाही

'गॅस्ट्रोपॅरेसिसचे (जठर मंदावून अन्न पुढे सरकायला उशीर होण्याच्या आजाराचे) रुग्ण कमी, म्हणून औषध कंपन्यांना रस नाही' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. हा आजार अनेकदा मधुमेहातून होतो, आणि मधुमेह इतका पसरलेला असताना गिऱ्हाईक कमी कसं असेल? अडचण चाचण्यांत आहे. मळमळ, पोट गच्च वाटणं ही लक्षणं आपोआप कमीजास्त होतात, औषध नसलेल्या गोळीनेही अनेकांना बरं वाटतं. मग खऱ्या औषधाचा फरक दाखवणं जड जातं. व्हँडा कंपनीच्या ट्रॅडिपिटंट या औषधाला या आजारासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) सप्टेंबर २०२४ मध्ये पुरावा अपुरा म्हणून नकारच दिला.

तिथे या आजारासाठी मान्यता असलेलं औषध एकच, मेटोक्लोप्रमाइड. २०२० मध्ये मंजूर झालेला जिमोटी हा नाकातला स्प्रेही तेच. पण त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो: जठरच नीट हलत नसेल तर गोळी तिथेच पडून राहते, आतड्यात पोचायला उशीर होतो. चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचालींचा इशारा मात्र त्यालाही आहेच. आणि जठराची हालचाल वाढवणाऱ्या, मळमळ थांबवणाऱ्या डोम्पेरिडोन या दुसऱ्या औषधाला, हृदयाच्या ठोक्यांवरच्या परिणामाच्या धास्तीमुळे, अमेरिकेत मान्यताच नाही. आपल्याकडे पँटोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल अ‍ॅसिडिटीवर महिनोन्महिने घेणारी माणसं माझ्याच घरात आहेत. साठीपुढच्यांनी तरी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये.