शब्दचर्चा : 'ग्राफिक नॉव्हेल'ला मराठीत काय म्हणावं?

कपाटवाली

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात नवं कपाट लागतंय. त्यात 'माउस', 'पर्सेपोलिस', 'वॉचमेन', 'भीमायन', 'कारी' अशी चित्रचौकटींतून गोष्ट सांगणारी पुस्तकं, म्हणजे 'ग्राफिक नॉव्हेल', ठेवायची आहेत. कपाटावरच्या पट्टीसाठी मराठी शब्द हवा आहे. समितीतले एक जण 'चित्रकादंबरी' म्हणतात. दुसरे म्हणतात, सरळ 'कॉमिक्स' लिहा. तिसऱ्यांचा प्रश्न असा की ही चित्रांची पुस्तकं बालविभागात का नाहीत! शब्द सुचवा आणि कारणही सांगा, मला ते समितीपुढे मांडायचं आहे.

बोरू

'चित्रकादंबरी'त वाईट काय आहे? ऐकताक्षणी अर्थ कळतो. शिवाय 'कादंबरी' हा शब्दच मोठा मजेदार. मुळात ते एका नायिकेचं नाव, सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या गद्यकाव्यातलं. आपण आणि कानडी मंडळींनी ते उचलून अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. हिंदीवाले 'उपन्यास' म्हणतात, गुजराती 'नवलकथा'. एवढ्या ऐसपैस शब्दात चार चित्रं मावायला हरकत नसावी.

रद्दीवाला

बोरूकाका, व्युत्पत्ती झकास, पण शब्द मला मान्य नाही. यातली निम्मी पुस्तकं मुळात कादंबऱ्याच नाहीत.

सुरुवातीपासून बघा. 'ग्राफिक नॉव्हेल' हे शब्द खपाऊ झाले ते अमेरिकी चित्रकार विल आयस्नरच्या 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड'मुळे, 1978 साली. हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे जाताना 'कॉमिक' म्हणायची चोरी, म्हणून त्याने हे भारदस्त नाव पुढे केलं. आता ते पुस्तक उघडून पाहा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या भाडेकरूंच्या चाळवजा इमारती आणि तिथल्या चार वेगवेगळ्या गोष्टी. म्हणजे कथासंग्रह! हा शब्द गाजवणारं पुस्तकच त्या शब्दात बसत नाही.

'माउस'चं तर विचारूच नका. आर्ट स्पीगलमनने बापाला बोलतं करून लिहिलेली आणि काढलेली ही हकीकत आहे. पोलंडमधले ज्यू (चित्रांत ते उंदीर), आउश्वित्झची छळछावणी आणि त्यातून वाचलेला, न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर पडलेली वायरही उचलून घरी आणणारा चिक्कू म्हातारा. पहिला भाग 1986 चा, दुसरा 1991 चा. दुसरा भाग 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत 'ललित' सदरात लागला, तेव्हा स्पीगलमनने पत्र लिहून हरकत घेतली. छळछावणीतून बापाने काढलेले दिवस म्हणजे कल्पित नव्हे. टाइम्समधल्या एका संपादकाने म्हणे थट्टा केली, की त्याच्या घरी जाऊन घंटा वाजवू. दार मोठ्या उंदराने उघडलं तर ललितेतरमध्ये टाकू. शेवटी टाकलं ललितेतरमध्येच. 1992 साली पुलित्झरवाल्यांनी त्याला खास पुरस्कार दिला.

ज्या माणसाने 'हे नॉव्हेल नाही' म्हणून भांडण काढलं, त्याच्या पुस्तकावर आपण 'कादंबरी'ची पट्टी चिकटवायची?

ओसरी

मग ललितेतर कपाटात जाऊ द्या ना 'माउस'. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश लोक डुकरं, हे मला नेहमी जरा ढोबळच वाटत आलंय. अख्ख्या समाजाला एकेक जनावर वाटून द्यायचं म्हणजे नाझींचंच गणित झालं की.

रद्दीवाला

ओसरीताई, शंका रास्त आहे, आणि स्पीगलमनने ती स्वतःच पुस्तकात आणली आहे. पहिल्या भागात ज्यू मंडळी पोलिश म्हणून खपून जायला बघतात तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा येतो, मागे बांधलेली नाडी स्पष्ट दिसते. दुसऱ्या भागात एक पान आहे. लेखक चित्रफळ्याशी बसलाय. पुस्तक गाजलंय, त्याचाही हिशेब तो मांडतो. तिथे तो उंदीर नाही, उंदराचा मुखवटा लावलेला माणूस आहे, आणि त्याच्या टेबलाखाली उंदरांच्या प्रेतांचा ढीग. ते पान पाहिल्यावर कोण कुठलं जनावर हा प्रश्नच ढिला पडतो. माझ्या मते सगळ्या पुस्तकातलं ते सर्वांत धीट पान. हे गद्यात लिहिता आलं नसतं. लिहिलं असतं तर लेखक स्वतःची कीव करतोय असं वाटलं असतं.

कपाटवाली

चर्चा छान चालली आहे, पण माझी पट्टी अजून कोरीच आहे हो.

रद्दीवाला

माझं मत : चित्रकथा.

कारण मराठीत 'कथा' ही खरी-खोटी असा भेद करत नाही. हरिकथा आहे, सत्यनारायणाची कथा आहे, आत्मकथा आहे. 'आत्मकादंबरी' कुणी म्हणत नाही. 'माउस' आणि 'पर्सेपोलिस' या आत्मकथा, 'वॉचमेन' कल्पित, 'भीमायन' चरित्र. 'कथा'च्या पोटात सगळे मावतात. 'कादंबरी'त फक्त 'वॉचमेन' आणि 'कारी' सुखाने राहतील.

बोरू

'चित्रकथा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे 'अमर चित्र कथा' येणार. अनंत पैंनी 1967 साली सुरू केलेली. म्हणजे पुन्हा पुराण, इतिहास आणि मुलं. तुमचे तिसरे सदस्य म्हणतील, बघा, मी सांगत होतो!

रद्दीवाला

येऊ दे की. 'अमर चित्र कथा' वाचूनच आमची पिढी या नादाला लागली. पण शब्द त्यांच्या मालकीचा नाही, तो फार जुना. सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, त्या गठ्ठ्याला म्हणतात 'पोथी'. एकेक चित्र समोर धरायचं, वाद्यं वाजवत गाऊन कथा सांगायची, मग पुढचं चित्र. परशुराम गंगावणे यांना 2021 साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. एक चित्र संपून दुसरं येईपर्यंत गाणारा जे सांगतो ते ऐकणाऱ्याने मनात भरायचं. कॉमिक्सचं तंत्र याहून वेगळं काय असतं?

इतर भाषांनीही 'कादंबरी'चा आब घेतलेला नाही. फ्रेंच लोक 'बांद देसिने' म्हणतात, म्हणजे काढलेल्या पट्ट्या. इटालियन 'फुमेत्ती' म्हणतात, धुराची वेटोळी, कारण पात्रांच्या तोंडून निघणारे संवादाचे फुगे तसे दिसतात. कुणाचं काही अडलं नाही.

शिरोरेषा

फुग्यांचा विषय निघालाच आहे तर विचारते. मी अनुवाद करते, आणि या कामात नेहमी अडते. पॅनेलला 'चौकट', बलूनला 'फुगा', इथवर ठीक. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. त्याला काय म्हणायचं? एका कच्च्या खर्ड्यात 'गटार' वाचून मी कपाळावर हात मारला.

रद्दीवाला

'गटार' नको, पण 'कारी'पुरतं चालेल बरं का! अमृता पाटील यांची 'कारी', 2008 ची. सुरुवातीलाच नायिका इमारतीवरून उडी टाकते आणि खालच्या सांडपाण्याच्या नाल्यात पडून वाचते. मग रात्री होडी घेऊन त्याच घाणीतून फिरते. धुरकटलेलं शहर, जाहिरात कंपनीतली नोकरी, काळ्या-करड्या पानांत मधेच रंग. नाव घेतलं नाही तरी मुंबई वासावरून ओळखू येते. भारतीय पुस्तकांतलं माझं सर्वांत आवडतं, आणि 'कादंबरी' हे बिरूद त्याला शोभतंही.

बाकी ठिकाणी मी 'फट' म्हणतो. स्कॉट मॅक्लाउडने 1993 च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात हे कसं चालतं ते दोन चौकटींत दाखवलंय. पहिलीत एकाने कुऱ्हाड उगारलीय. दुसरीत नुसतं रात्रीचं शहर आणि किंकाळी. घाव कुणी घातला? मधल्या फटीत, वाचकाने.

बोरू

'बोळ' म्हणा. पुण्यातल्या दोन वाड्यांमधल्या बोळासारखी ती जागा, घर कुणाचंच नाही पण जायची वाट तिथूनच.

शिरोरेषा

'बोळ' आवडला! पण मुद्रक हसेल. मी 'फट' वापरेन.

आणखी एक दुखणं. इंग्रजी फुग्यातली अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, एका उंचीची. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार-ऋकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. इंग्रजीत चार ओळी बसणाऱ्या फुग्यात मराठीच्या जेमतेम तीन बसतात. मग संवाद छाटायचा नाहीतर अक्षर बारीक करायचं. लोक म्हणतात, अनुवाद तुटक झालाय. तुटक नाही हो, फुगा लहान आहे!

ओसरी

हे माहीत नव्हतं. फुग्याचा आकारही काही सांगतो का, की तो नुसताच पिशवी?

रद्दीवाला

त्यासाठी 'भीमायन' बघाच. 2011 चं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. विषय बाबासाहेबांचं आयुष्य : शाळेतलं पाणी, लहानपणीचा तो प्रवास, महाडचं चवदार तळं. इथे मऊ बोलणाऱ्याचा, सोसणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचारांना डोळ्याची खूण. पाटी न लावता कोण कसा बोलतोय ते कळतं.

आणि चौकटी नाहीतच. माणसांना डब्यात कोंबायचं नाही असं व्याम दांपत्याचं म्हणणं होतं. भिंती-अंगण सजवायच्या गोंडांच्या 'दिग्ना' नक्षीने पान विभागलंय. रेल्वे येते ती सापासारखी वळत. जातीने माणसाला खणात बसवलं, त्याबद्दलचं पुस्तक खणांशिवाय काढलंय. मुद्दाम असो वा नसो, मला ते फार पटतं. तक्रार एकच. मधेमधे आजच्या काळातल्या दोघांचा संवाद येतो, तो वाचकाला समजावत बसतो. चित्रांनी आधीच सांगितलेलं असतं.

ओसरी

'पर्सेपोलिस'बद्दल काहीच बोलला नाहीत.

रद्दीवाला

मार्जान सत्रापीचं? फ्रेंचमध्ये 2000 ते 2003 दरम्यान चार भागांत आलं. निव्वळ काळं-पांढरं. पहिलंच पान : 1980, इराण, दहा वर्षांची मुलगी, नवा हिजाब. शेजारी वर्गाचं छायाचित्र, त्यात चौघी मैत्रिणी दिसतात. ती म्हणते, मी डाव्या टोकाला आहे, म्हणून दिसत नाही. फोटोच्या कडेने तिला कापून टाकलंय. त्या कडेत पुढचं सगळं पुस्तक आहे. उत्तरार्ध मात्र मला सैल वाटतो.

'वॉचमेन'वर आत्ता बोलायला लागलो तर कपाटताई मला हाकलून देतील.

कपाटवाली

नाही हाकलत, पण थोडक्यात. आणि 'कॉमिक्स'चं लिंग-वचन सांगा. आमच्या नोंदवहीत 'एक कॉमिक्स हरवले' आणि 'एक कॉमिक हरवली' दोन्ही आहे.

बोरू

मराठीत 'कॉमिक्स' हे एकवचनीच झालंय, 'चिप्स'सारखं. 'ते कॉमिक्स', नपुंसकलिंगी. बहुधा 'पुस्तक'च्या वळणाने. 'कॉमिक' स्त्रीलिंगी करणारे मनात 'गोष्ट' धरत असावेत. नोंदवहीत एकच ठेवा; मी 'ते कॉमिक्स' ठेवीन.

रद्दीवाला

सहमत. 'इंद्रजाल कॉमिक्स' वाचणाऱ्यांनी 'एक कॉमिक्स दे' असंच म्हटलंय. तिथे फँटमचा 'वेताळ' झाला होता, हा नामकरणातला खरा मास्टरस्ट्रोक. त्याचा मूळचा देश 'बंगाला', तो आपल्याकडे 'डेंकाली' झाला. बंगालशी घोळ नको म्हणून.

'वॉचमेन' थोडक्यात : सुपरहिरोंची गोष्ट, 1986-87, बारा अंक, लेखन अ‍ॅलन मूर यांचं, चित्रं डेव्ह गिबन्स यांची. बहुतेक पानांना नऊ चौकटींची जाळी. पाचवा अंक आरशासारखा रचलाय, पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, दुसरं उपान्त्याशी. कारागिरीला तोड नाही. पण पुन्हा वाचायला हात जातो तो 'माउस'कडे.

कपाटवाली

ठरलं. पट्टीवर मोठ्या अक्षरांत 'चित्रकथा', खाली लहान अक्षरांत 'प्रौढ वाचकांसाठीही'. तिसऱ्या सदस्यांना 'माउस'चा दुसरा भाग घरी न्यायला देते. एक शेवटचं : 'चिंटू'चे संग्रह याच कपाटात का?

बोरू

'चिंटू' म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची व्यंगचित्रमालिका, 1991 पासून रोज वर्तमानपत्रात आलेली. तिला शि. द. फडणीसांच्या शेजारी, हास्यचित्रांत ठेवा.

रद्दीवाला

छे! फडणीसांचं एकेक चित्र स्वतंत्र असतं, 'चिंटू'त चौकटी आहेत, फटी आहेत. चित्रकथेतच. वरच्या खणात ठेवा म्हणजे पोरं स्टुलावर चढतील आणि खालची पुस्तकंही बघतील.

शिरोरेषा

खालच्या खणात ठेवा हो. स्टूल मोडेल.